पाणबुडीतला बाप

हॉलंडमधल्या उइटहॉर्नच्या त्या गल्लीत योहाना म्हणजे फुलांची बाई. आल्समेरच्या फुलबाजारात तिने उभं आयुष्य काढलं होतं. पहाटे सायकल मारत जायचं, ट्युलिपच्या जुड्या बांधायच्या, गाड्या ओढायच्या आणि दुपारी हातांना देठांचा हिरवा वास घेऊन घरी यायचं. काम सुटून वीस वर्षं झाली तरी बोटांची सवय सुटली नव्हती. पद्मजाच्या ओट्यावर कोथिंबिरीची जुडी दिसली की बोलता बोलता तिचे देठ सारखे करून ठेवायची.

पद्मजा तिची शेजारीण. नवरा अरुण पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामासाठी दोन वर्षांकरता म्हणून इथे आला आणि इथलाच होऊन गेला. दोन्ही घरांची भिंत एक, मागच्या अंगणांमध्ये कमरेएवढं कुंपण. पद्मजाचं सामान अजून खोक्यांतच होतं तेव्हा योहानाने कुंपणावरून पहिला प्रश्न टाकला होता.

"तुम्ही भारतातल्या ना? म्हणजे खऱ्या भारतातल्या?"

खरा भारत म्हणजे कुठला, हे पद्मजाला तेव्हा कळलं नाही. बाई जरा विक्षिप्त दिसते, असं ती रात्री अरुणला म्हणालीसुद्धा.

योहानाचा रंग गव्हाळ. केस तरुणपणी काळेभोर असणार, कारण पिकल्यावरही ते दाट होते. गल्लीतले लोक तिला इंडोनेशियाकडची समजत. डच लोक त्या आपल्या वसाहतीलाही 'इंडिया'च म्हणत. युद्धानंतर ती गेली आणि तिथली मिश्र कुटुंबं बोटी भरभरून हॉलंडमध्ये आली. त्यांतलीच ही एक, असा सगळ्यांचा समज. तिने तो कधी खोडला नाही.

"त्या बोटी आल्या आणि मी सुटले," ती एकदा म्हणाली. "तोवर शाळेत माझ्यासारखी मी एकटीच. मग माझ्यासारख्या दिसणाऱ्या पुष्कळजणी आल्या. मी त्यांच्यात मिसळून गेले."

खरी हकीकत सांगायला तिने बारा-तेरा वर्षं घेतली. तोवर पद्मजाला डच चांगलं यायला लागलं होतं, आणि एकमेकींच्या घरात न विचारता शिरण्याइतकी ओळख झाली होती.

उत्तरेला टेसल नावाचं बेट आहे. सगळीकडे मेंढ्या आणि वारा. युद्धाच्या काळात, त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात, तिथे हिंदी सैनिकांची एक तुकडी होती. आफ्रिकेच्या लढाईत जर्मनांच्या हाती सापडलेले हे इंग्रज सैन्यातले शिपाई. हिंदुस्थान सोडवायचा म्हणून ते जर्मन गणवेश घालून इंग्रजांविरुद्ध उभे राहिले होते. त्यांच्यात कराडच्या बाजूचा एक तारायंत्रवाला होता, धोंडिराम जगदाळे. योहानाची आई आलिदा तेव्हा एकोणीस वर्षांची, मेंढ्यांच्या वाड्यावर दूध काढायला जाणारी. ती त्याला 'दोंडी' म्हणायची. तिला दिवस गेल्याचं तिने त्याला सांगितलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत तुकडी फ्रान्सला हलली. पुढच्या वसंतात योहाना जन्मली. युद्ध संपलं तेव्हा गावातल्या पुरुषांनी आलिदाला चौकात बसवून तिचं डोकं भादरलं. मुलगी कडेवर होती.

"माझ्या बापाने इंग्रजांविरुद्ध लढायला जो गणवेश घातला, त्या गणवेशापायी माझ्या आईचे केस गेले," योहाना म्हणाली. "आणि मी हे कोणाला सांगू? डच लोकांना? की तुम्हाला?"

पद्मजा शाळेत हे सगळं एका धड्यात शिकली होती. त्या धड्यात टेसल नव्हतं.

आई-लेक बेट सोडून इकडे आल्या. आलिदा एका धुलाईच्या कारखान्यात चादरींना इस्त्री करायची. तिने पुन्हा लग्न केलं नाही. बापाविषयी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असे. "घरी गेला. त्याला घर होतं, तो गेला." योहाना लहान असताना हे ऐकून रडायची, मोठी झाल्यावर भांडायची. पुढे एका जर्मन संशोधकाने तिला शोधून काढलं आणि एक वेगळीच गोष्ट सांगितली. युद्धाच्या अगदी शेवटी, पंचेचाळीसच्या वसंतात, कील बंदरातून एक जर्मन पाणबुडी गुप्त कामगिरीवर निघाली होती. जायचं होतं जपानकडे. आत काय होतं ते कोणी नक्की सांगत नाही. पारा म्हणतात, यंत्रांचे आराखडे म्हणतात, सोनं म्हणणारेही आहेत. तिच्यावर तीन हिंदी तारायंत्रवाले नेमले होते आणि जगदाळे हे त्यांतलं एक नाव. पाणबुडी बंदरातून बाहेर पडली, एकदा तिचा संदेश आला, मग कधीच आला नाही.

योहाना तडक आईकडे गेली. "ऐकलंस? घरी नाही गेला. बुडालाय तो."

आलिदा तेव्हा सत्तरीला आलेली. इस्त्री केल्यासारखा चेहरा करून म्हणाली, "तुला तसं हवं असेल तर तसं."

त्यावर दोघींचं बोलणं जे तुटलं, ते आलिदाच्या शेवटच्या आजारपणापर्यंत. दवाखान्यात योहानाने तिचा हात धरला तेव्हा आलिदाने डोळे उघडून पुन्हा तेच सांगितलं. तो घरी गेला.

"मरताना माणूस जरा तरी खोटं बोलतं ना, समोरच्याला बरं वाटावं म्हणून?" योहाना पद्मजाला म्हणाली. "माझी आई तेवढंही बोलली नाही."

बापाचं नाव ठाऊक होतं, कराड ठाऊक होतं. शेजारी मराठी बाई राहत होती. तरी योहानाने तिला कधी म्हटलं नाही, की तिकडे जरा चौकशी कर. पद्मजाने एकदा आपण होऊन विषय काढला तर म्हणाली, "काय करायचंय? समुद्रात आहे तो." आणि ओट्यावरच्या मेथीची जुडी सोडून पुन्हा बांधायला लागली. पद्मजाला उमगलं ते उमगलं. तिने परत विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी अरुण गेला. स्वादुपिंडाचा कर्करोग. पद्मजाने डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन विनवलं होतं, की त्यांना सांगू नका, मला सांगा. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, खोलीत गेल्या, अरुणच्या पलंगावर बसल्या आणि त्याला सांगितलं. किती आठवडे तेसुद्धा. त्या दिवसापासून अरुणने क्रिकेटचा स्कोअर विचारणं सोडलं. पद्मजाने त्या बाईंना अजून माफ केलेलं नाही.

पितृपंधरवड्यात अरुणच्या तिथीला ती स्वयंपाक करून मागच्या अंगणात, सायकलींच्या शेडवर, केळीच्या पानाचा तुकडा वाढून ठेवायची. इथे आपल्या कावळ्यांपेक्षा छोटे, राखाडी मानेचे कावळे असतात. ते खीर पहिल्यांदा संपवत. योहाना कुंपणापलीकडे कॉफीचा कप घेऊन हे सगळं बघत असे.

"तुझ्या नवऱ्याला बटाट्याची भाजी आवडली नाही वाटतं यंदा."

"त्यांना कधीच आवडायची नाही. मी तरी करते."

"मेल्यावरसुद्धा सुटका नाही बिचाऱ्याची," योहाना म्हणाली, आणि दोघी हसल्या.

गेल्या वर्षी समुद्रात पवनचक्क्यांच्या तारा टाकायच्या म्हणून तळाची तपासणी चालली होती. टेसलच्या पश्चिमेला वाळूत अर्धी रुतलेली एक पाणबुडी दिसली. पाणबुडे गेले, चित्रं आली, आणि काही महिन्यांनी जाहीर झालं, की ही तीच. झाकणं आतून बंद होती. कोणी बाहेर पडलेलं नव्हतं. वर काढायची नाही, ती त्या माणसांची कबर आहे, असं ठरलं. पण एका गोष्टीवरून जाणकार लोक टीव्हीवर तावातावाने भांडत होते. ही पाणबुडी तिथे आली कशी? तिला नॉर्वेवरून वर जाऊन स्कॉटलंडला वळसा घालायचा होता. ती दक्षिणेकडे, या उथळ पाण्यात, सुरुंगांनी भरलेल्या समुद्रात कशाला शिरली? एकजण म्हणे होकायंत्र बिघडलं. दुसरा म्हणे कप्तानाला शरण यायचं होतं. तिसऱ्याचं म्हणणं गुप्त हुकूम बदलला.

योहानाने टीव्हीचा आवाज बंद केला.

"या सगळ्यांना कारण माहीत नाही. मला माहीत आहे."

"काय?"

"कोणीतरी कप्तानाला सांगितलं असणार, जाता जाता टेसलवरून जाऊ. माझी मुलगी झालीये तिथे."

हे म्हणून ती मोठ्याने हसली. पद्मजाही हसायला गेली आणि तिच्या लक्षात आलं, की ही थट्टा नाही. एक्क्याऐंशी वर्षांची बाई लहान मुलीसारखी लाजत होती.

त्या उन्हाळ्यात योहाना बदलली. गल्लीतल्या लोकांना तिने आपण होऊन सांगायला सुरुवात केली. मी इंडोनेशियाची नाही, माझे वडील हिंदी सैनिक होते, ते त्या पाणबुडीत आहेत. समोरच्या म्हाताऱ्या बुवांना सांगितलं, केस कापणारीला सांगितलं, तिच्या हाउसआर्ट्सला, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरला, रक्तदाब मोजता मोजता सांगितलं. बातमी वाचलेला एखादा "अरे बापरे, सॉरी हं" म्हणाला की ती मान हलवून ते सॉरी घ्यायची. जन्मात कोणी तिला तिच्या बापासाठी सॉरी म्हटलं नव्हतं.

सप्टेंबरात नातेवाइकांना बोटीने त्या जागेवर नेणार होते. फुलं वाहायला. योहानालाही निमंत्रण आलं. वाहायचं पुष्पचक्र तिने विकत घ्यायला साफ नकार दिला, आपलं आपण बांधणार म्हणाली. बोटीला आठवडा होता आणि पितृपंधरवडा सुरू झाला होता. अरुणच्या तिथीला पद्मजा शेडवर पान ठेवून वळली, तर योहाना कुंपणाला टेकून उभी.

"पद्मा, माझ्या बापाला कोण ताट ठेवतं?"

पद्मजाने हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"त्यांना तिकडे कळलंच नसणार ना, तो कुठे आहे ते. तू फोन लाव त्यांना. सांग, सापडला म्हणून. म्हणजे ताट ठेवतील."

आयुष्यभर जे टाळलं ते आता करायची तिची छाती झाली होती, कारण तो खरंच घरी गेला असेल ही भीती आता उरली नव्हती. झाकणं आतून बंद होती.

पद्मजाची भाची मृण्मयी पुण्यात असते. तिने व्हॉट्सॲपवर याला विचार, त्याला विचार करत चार दिवसांत मसूरकडच्या एका गावातल्या हणमंत जगदाळेंचा नंबर काढला. धोंडिराम जगदाळेंचा नातू. एका साखर कारखान्यात नोकरीला. पद्मजाने दुपारी दार लावून घेऊन फोन लावला. मी हॉलंडहून बोलतेय, युद्धातल्या सैनिकांची माहिती गोळा करतेय, असं काहीबाही सांगितलं. सगळं खरं पहिल्याच वाक्यात कसं सांगणार?

"आमच्या आज्जाची माहिती? आवो ताई, बोला की," हणमंतचा आवाज मोकळा होता, मागे भांड्यांचा कालवा. "जरा गडबड हाय घरात. उद्या नवमी न्हवं का, आज्जीचा म्हाळ हाय. पावणं येणार."

"आजींचा नवमीला असतो?"

"व्हय, अविधवा नवमी. आज्जी सवाष्ण गेली न्हवं. आज्जा गेल्यावर भटजी म्हणलं, आता न्हाई केलं तरी चालतंय. पर आमच्या आईनं चालू ठेवलंया."

पद्मजाच्या स्वतःच्या सासूबाईंचं नवमीलाच असतं. नवरा मागे ठेवून कुंकवासकट गेलेल्या बाईची तिथी ती.

"आजी कधी गेल्या?"

"भात्तरच्या दुष्काळात."

"म्हणजे आजोबा तेव्हा होते?"

"होते की! ते ब्याऐंशीला गेलं. त्यांचा पंचमीला असतो, झाला परवाच. मी सातवीत हुतो तेव्हा. सायकलीवर पुढं बसवून न्यायचं मला." हणमंत हसला. "गालगुंडानं वाचिवलं आज्जाला, म्हाईत हाय का? जर्मनीत बोटीत बसायचं, ती पाण्याखालनं जाती बघा, तसली. आदल्या दिशी ह्यांचं गाल ही येवढं सुजलं. डाक्टर म्हणला, हा न्हाई चालणार, सगळ्यांना लागंल. दोघं जोडीदार गेलं, ह्यो ऱ्हायला. मग इंग्रजांनी धरलं, शेचाळीसला सोडून दिलं. आलं घरी. पुढं इथं कारखान्यात वायरमन हुतं."

"परदेशाबद्दल काही बोलायचे? तिथली माणसं वगैरे?"

"न्हाई ओ. येवढी गालगुंडाची गोष्ट. बाकी एक शब्द न्हाई." तो थोडा थांबला. "पोस्टमन आला की मातर सोता उठायचं. दुसऱ्या कुणाला टपाल घिऊ द्यायचं न्हाईत. आमची आई म्हणायची, सरकारचं बोलावणं यील म्हणून भ्यात्यात. का हो ताई, तिकडं कुणी वळखीचं हुतं का त्यांच्या?"

"नाही, तसं नाही," पद्मजा म्हणाली.

हणमंतने लगेच फोटोही पाठवला. पांढरी टोपी, खाकी सदरा, सायकलीला टेकलेला उंच माणूस. खालचा ओठ किंचित पुढे, उजवी भुवई डावीपेक्षा वर. ती भुवई पद्मजा चोवीस वर्षं कुंपणापलीकडे बघत आली होती.

तिने लायडनला मुलाला, सारंगला फोन केला.

"आई, प्लीज. काही सांगू नकोस तिला. शी इज एटी-वन."

"आणि तिने विचारलं तर?"

"तर म्हण फोन लागला नाही. म्हण नेटवर्क नव्हतं. बाबांच्या वेळी त्या डॉक्टरवर किती भडकली होतीस, आठवतंय ना? आता तूच तेच करणार?"

पद्मजाने फोन ठेवला. संध्याकाळी योहाना आली आणि दारातच म्हणाली, "मग?"

"फोन लागला," पद्मजा म्हणाली. "ते ताट ठेवतात. दर वर्षी."

हे खरंच होतं. योहानाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तशीच उभी राहिली. पुढचं काही पद्मजाच्या ओठांवर आलं नाही.

डेन हेल्डरच्या बंदरातून बोट निघाली तेव्हा वारा होता, पण ऊन होतं. जर्मन कुटुंबं होती, बरीचशी नातवंडं. बापासाठी आलेली मुलगी अशी योहाना एकटीच. तिला सगळ्यांनी पुढे खुर्ची दिली. खलाशांची नावं वाचली, मग वाचणारा म्हणाला, आणि बरोबरचे हिंदी प्रवासी, आणि त्याने तीन नावं उच्चारली. 'यॅगदाले' असं काहीतरी म्हणाला तो. योहाना उठली. झेंडूचं चक्र बांधलं होतं तिने, इतकं घट्ट, की पाण्यावर पडल्यावरही त्याचा आकार हलला नाही. कठड्याला धरून ती डचमध्ये म्हणाली, "पापा, मी आहे इथे. उशीर झाला, पण आले." आणि मग मागे वळून पद्मजाला म्हणाली, "तुमचं जे असतं ते तू म्हण."

पद्मजाने तीळ आणले होते. तिने ओंजळीत पाणी घेतलं. गेलेल्या माणसाला कुठूनही पाणी देता येतं, आणि धोंडिराम जगदाळे गेलेले होतेच, असं तिने मनाशी म्हटलं. शिवाय आणखी दोघं होते, खरोखर खाली असलेले. तिने तिघांसाठी पाणी सोडलं. पण जवळ उभ्या असलेल्या एका जर्मन बाईने ते पाहून तिचा दंड प्रेमाने दाबला, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना गाडी पद्मजा चालवत होती. योहाना शेजारी बसून चीजचं सँडविच खात होती. इतकं मनापासून खाताना पद्मजाने तिला पाहिलं नव्हतं.

"उद्या मला दफनभूमीत सोडशील? आईकडे जायचंय."

"सोडते की."

"तिला सांगणार आहे. पन्नास वर्षं त्या माणसाची बदनामी केलीस. घरी गेला म्हणे! मला टाकून गेला म्हणे! बिचारा तिथे पाण्यात, आपल्या दारात येऊन पडला होता, आणि तू खोटं बोलत राहिलीस. दगडावरचं नाव खरवडून काढावंसं वाटतंय मला."

हमरस्त्याच्या कडेला थांबायची जागा आली. पद्मजाने गाडी आत घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं? पेट्रोल?"

"योहाना, तुझी आई खोटं बोलत नव्हती."

योहानाने सँडविच खाली ठेवलं नाही. ते तसंच तोंडाजवळ राहिलं.

पद्मजाने सगळं सांगितलं. गालगुंड, कील, सेहेचाळीस, कारखाना. चुकूनही मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. शेजारून ट्रक जात होते आणि दर ट्रकला गाडी जराशी हलत होती.

"कधी गेले?" योहानाने विचारलं.

"ब्याऐंशी साली."

योहाना समोरच्या काचेकडे बघत होती.

"अडतीस वर्षांची होते मी," ती म्हणाली. "घरात फोन होता."

मग तिने हात पुढे केला. पद्मजाने फोटो काढून फोन तिच्या हातात दिला. योहानाने दोन बोटांनी तो मोठा केला. आधी टोपी, मग डोळे, मग सायकलीच्या दांडीवरचा हात. त्या हातापाशी ती खूप वेळ थांबली.

"काळजीने म्हातारा झाल्यासारखा दिसत नाही," ती म्हणाली.

"पोस्टमन आला की स्वतः उठायचे, असं तो नातू सांगत होता. दुसऱ्या कोणाला टपाल घेऊ द्यायचे नाहीत."

"म्हणजे वाट बघत होते? की भीत होते?"

"मला नाही सांगता येत."

"नाही. तुला कसं सांगता येईल." योहानाने फोन परत दिला. "तू त्यांना सांगितलंस? माझ्याबद्दल?"

"नाही."

"सांगू नकोस."

"का गं? भेटतीलसुद्धा. चांगली माणसं वाटली मला. तो हणमंत तर..."

"चांगली आहेत म्हणूनच. त्यांचा आजोबा चांगला होता ना? सायकलीवर बसवून न्यायचा ना?" तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "मग राहू दे त्यांच्याकडे तो तसाच. मला काय, माझ्याकडे तो नव्हताच कधी."

आणि मग ती रडली. लहान मुलं रडतात तशी, तोंड उघडं टाकून. मांडीवर सँडविचचा कागद, ओठांना लोणी. पद्मजाने तिला जवळ घ्यायचा प्रयत्न केला, पण दोघींमध्ये गाडीचा पट्टा आला. तो सोडायचं दोघींनाही सुचलं नाही.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं. "बोटीआधी?"

"तुला फुलं वाहायची होती."

योहानाने नाक पुसलं. रागावली आहे की नाही, पद्मजाला कळलं नाही. इंजिन सुरू करेपर्यंत ती एवढंच म्हणाली, की चक्र नीट बांधलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पद्मजा दार वाजवायला गेली तेव्हा योहाना कोट घालून तयार होती. हातात काही नव्हतं. फुलांच्या बाईने आईकडे रिकाम्या हाताने जावं, हे पद्मजाला कसंसंच वाटलं. दफनभूमीत ती मुद्दाम नळापाशी मागे थांबली आणि झारी भरायला लावली, म्हणजे काहीतरी करत असल्यासारखं दिसेल.

योहाना आलिदाच्या दगडासमोर उभी राहिली. वाकून तिने दगडावर पडलेली पानं झटकली. मग सरळ झाली. कानांना कमी ऐकू येत असल्यामुळे हल्ली ती मोठ्याने बोलायची, त्यामुळे नळापर्यंत सगळं ऐकू आलं.

"तू बरोबर होतीस, आई," ती म्हणाली. "पण एकदा तरी, एकदा तरी म्हणायचं होतंस ना, की बुडाला असेल."

झारी कधीच भरून वाहत होती. पद्मजाने नळ बंद केला.